बोअर मारून गेले, शेताचं काय?

प्रश्न : काका, आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मयेचे. माझी धाकटी बहीण यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे दिली आहे. तिच्या कपाशीच्या शेतात कोळसा शोधायला बोअर मारणार म्हणून माणसं खुंटी ठोकून गेली. खाणीपायी शेताचं काय होतं ते आम्ही डिचोलीकरांनी पाहिलंय, त्यामुळे तिच्यापेक्षा माझीच झोप उडाली आहे. बोअरनंतर जमीन पूर्वीसारखी होते का? तिच्या यजमानांनी काय काय मागून घ्यावं?

उत्तर : ताई, बोअर म्हणजे खाण नव्हे, हे आधी बहिणीला कळवा. मी तुमच्या शेजारच्या साखळी गावचा, पण नोकरीची वीस-बावीस वर्षं वणी, घुग्घुस, भद्रावती या पट्ट्यात ड्रिलिंगवरच गेली. कोळशाचा शोध-बोअर पाण्याच्या पेल्याच्या तोंडाएवढा असतो. खोली मात्र दोनशे, तीनशे, कधी चारशे मीटर. त्यातून दगडाचा गोल दांडा, म्हणजे कोअर, वर काढतात आणि पेटीच्या खाचांत ओळीने मांडतात. वर काळी माती, खाली कामठी नावाच्या थराचा तांबूस वालुकाश्म, त्याखाली बराकर नावाच्या थराचा पांढुरका, आणि कोळसा त्या बराकरमध्ये. कोळसा लागल्याचं कोअरच्या आधी पाणी सांगतं. वर येणारं राखाडी पाणी एकदम काळं पडतं, आणि डुलक्या घेणारी पोरं उठून बसतात.

शेताची नासाडी या भोकाने फारशी होत नाही. ती होते भोकाशेजारच्या खड्ड्याने आणि रिगचा, म्हणजे बोअर मारायच्या यंत्राचा, ट्रक ज्या वाटेने आला त्या वाटेने. ड्रिलिंगला बेंटोनाइट, म्हणजे एक चिकणमाती, घोटलेलं पाणी लागतं, त्यासाठी दोन खड्डे खणतात, त्यांना आम्ही मड पिट म्हणायचो. रिग, पंप, पाइप, पाण्याचा टँकर धरून तीन-चार गुंठे जागा अडते.

त्या खड्ड्याची माझीच एक गोष्ट सांगतो. 1990 नंतरची. कंत्राट कुणाचं होतं ते राहू दे, शिफ्टवर मी होतो. बोअर संपला, पुढच्या ठिकाणी पोचायची घाई. खड्ड्यातला गाळ न उपसता वर कोरडी माती लोटली, फावड्याने चोपली आणि निघालो. वरून अगदी खडखडीत दिसत होतं. मृगाचे दोन पाऊस झाले, शेतकरी वखर घेऊन उतरला आणि डावा बैल मागच्या पायांनी पोटापर्यंत आत गेला. आम्ही जवळच दुसऱ्या बोअरवर होतो, तिथे बोलावणं आलं. दोर, फळ्या, सहा माणसं आणि दोन तास. बैल निघाला, पण त्या हंगामात जुवाखाली आला नाही. शेतकऱ्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘तुमी तं झाकून गेले न, साहेब.’

गंमत अशी की बेंटोनाइट आणि वऱ्हाडची काळी माती ही एकाच कुळातली. दोन्ही पाणी पिऊन फुगतात, सुकली की आक्रसतात. काळी माती उन्हाने भेगाळून मोकळी तरी होते. खड्ड्यात झाकलेल्या बेंटोनाइटला ऊन लागत नाही, ते महिनोन्‌महिने पेजेसारखं राहतं.

म्हणून यजमानांनी पहिल्या दिवशी खणताना समोर उभं राहावं. वरची वीत-दीड वीत माती वेगळ्या ढिगात, खालची चुनखड्यांची माती वेगळ्या ढिगात. एकत्र केलीत तर नंतर निवडून देणारा कुणी भेटणार नाही. खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरायला लावावं. काम संपलं की गाळ टँकरने उपसून न्यायचा, प्लास्टिक काढायचं, खड्डा उन्हात वाळू द्यायचा, मग आधी खालची माती, शेवटी वरची. जमिनीच्या पातळीला आणून थांबू नये, वीतभर उंचवटा ठेवावा, पावसाने तो बसतो. डिझेल सांडलेली माती खरवडून न्यायला लावावी. रिगच्या वाटेवर जमीन दगडासारखी दबते, तिथे कोरड्यात खोल नांगरट करून घ्यावी. ओल्यात केली तर ढेकळं निघतात आणि दबलेलं खाली तसंच राहतं.

भोक बुजवतानाही हजर राहावं. सिमेंटचं पाणी पाइपने तळाशी सोडून खालून वर भरत यायला हवं. वरून दोन घमेली ओतून तोंड बंद केलं तर मधे पोकळी राहते. कामठीच्या वालुकाश्मात त्या भागातल्या विहिरींचं पाणी असतं; न बुजवलेल्या भोकातून ते खालच्या थरांत वाट काढतं. उद्या खाली खाण झालीच तर हेच पाणी कामगारांच्या डोक्यावर येतं. केसिंग, म्हणजे भोकाच्या तोंडातला पाइप, ठेवणार असतील तर नांगर लागणार नाही इतकं खाली कापून घ्यावं.

पैशांचं. सरकारी कंपनीसाठी शोध असेल तर तो 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली असतो. कलम 4 ची अधिसूचना निघाली की त्यांना शेतात शिरता येतं, पण कलम 6 म्हणतं की होणाऱ्या नुकसानीची भरपाई आधी किंवा त्याच वेळी द्यायची. रक्कम पटली नाही तर वाद केंद्र सरकारकडे जातो. अधिसूचनेत गट नंबर आहे का, ते तलाठ्याकडे बघावं. आणि शेवटची वेचणी होऊन पऱ्हाटी उपटेपर्यंत थांबायला सांगावं; नीट सांगितलं तर बहुतेक कॅम्पवाले ऐकतात. जागा पूर्ववत करून मिळाल्याच्या कागदावर मात्र पहिला पाऊस पडून जाईपर्यंत सही करू नये.

खाण येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात तेच असणार. खुंट्या मोजायला सांगा. दोन बोअरमधलं अंतर किलोमीटर-दोन किलोमीटर असेल तर नुसती चाचपणी चालू आहे. ते चारशे मीटरवर आलं की साठा ‘सिद्ध’ धरण्याइतकी माहिती गोळा होते आहे, म्हणजे प्रकरण पुढे सरकलंय. तसं झालं तर पुन्हा लिहा, त्याचं उत्तर निराळं आहे.

प्रश्न : वास्कोला एवढा कोळसा दिसतो, मग गोव्यात कोळशासाठी बोअर का मारत नाहीत?
— कॉलेजातला विद्यार्थी, वास्को

उत्तर : मारून मिळणार काय? कोळसा झाडांचा होतो. वणीचा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा आहे. आपल्या लोहखनिजाचे खडक त्याहून कितीतरी जुने, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती. तुम्ही बघता तो कोळसा मुरगाव बंदरात जहाजांनी उतरतो, बहुतेक परदेशचा, आणि रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. गोव्याच्या वाट्याला येते ती खिडकीच्या गजांवरची पूड.