लष्कराचा गणवेश आणि जमिनीचा हक्क

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या गणवेशात उभ्या असलेल्या एका फेटेधारी शीख सैनिकाचे छायाचित्र नुकतेच पाहण्यात आले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बरेच पंजाबी शेती करत होते, असेही वाचले. सैन्यात नोकरी केलेल्या स्थलांतरिताला तरी तेथे स्वतःची जमीन घेता येत होती का?

उत्तर : कॅलिफोर्नियात तरी, केवळ सैन्यात होता म्हणून त्याला जमीन घेता येत नव्हती. आपण पाहिलेले छायाचित्र बहुधा भगतसिंग थिंद यांचे असावे. ते १९१३ साली अमेरिकेत आले, ऑरेगनमधील लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी मजुरी केली आणि जुलै १९१८ मध्ये ते लष्करात भरती झाले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले, तेव्हा त्यांच्या अंगावर गणवेश होता. चारच दिवसांत ते नागरिकत्व रद्द झाले. १९२० साली ऑरेगनमधील न्यायालयाने ते पुन्हा दिले, परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कायद्यात ज्यांना ‘गोरी व्यक्ती’ म्हटले आहे त्यांत भारतीय मोडत नाहीत.

थिंद स्वतः शेतकरी नव्हते, पण या निकालाचा घाव शेतकऱ्यांवर बसला. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई होती, आणि तीन वर्षांपर्यंत ती खंडाने करण्याची जी सवलत होती तीही १९२० साली गेली. थिंद यांच्या निकालानंतर भारतीय निःसंशय ‘अपात्र’ ठरले. पंजाबातून आलेल्या या लोकांत ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतून निवृत्त झालेलेही पुष्कळ होते. पण एका साम्राज्यासाठी केलेल्या चाकरीचा दुसऱ्या देशात जमीन घेताना काहीच उपयोग नव्हता.

तरीही ते शेती करत राहिले, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेल्या इंपीरियल व्हॅलीच्या तापलेल्या वाळवंटात कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने येई. ते सरीसरीतून फिरवत त्यांनी कापूस आणि खरबूज पिकवले. जमीन मात्र कागदोपत्री एखाद्या गोऱ्या ओळखीच्याच्या नावावर असे. व्यवहार तोंडी आणि भरवशाचा. समोरचा फिरला तर दाद मागायला जागा नाही, कारण दाद मागायची म्हणजे कायदा चुकवल्याची कबुलीच द्यायची. अनेकांनी तेथे मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. पुढे अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून जन्मतःच नागरिक असलेल्या मुलांच्या नावे जमीन करण्याचा मार्गही काहींनी धरला. बाप नांगर धरी आणि मालक म्हणून नाव लागे ते शाळकरी पोराचे.

महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा १९३५ साली झाला आणि १९३६ साली थिंद नागरिक झाले. ज्यांनी तो गणवेश घातला नव्हता, त्या भारतीयांना मात्र १९४६ पर्यंत थांबावे लागले. कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा तर १९५२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. तोपर्यंत विशीत आलेले ते शेतकरी साठीच्या घरात पोहोचले होते.