पिकपचा मागचा भाग उचलायचाय? आधी नेमकं काय खाली गेलंय ते मोजा

भाऊ, तुमची १.७ टनवाली बोलेरो पिकप, सहा वर्षं जुनी. दिंडोरीकडून पिंपळगावला टोमॅटो नेताना शंभरच्या वर क्रेट भरता, तेव्हा मागून बसते आणि शिवाररस्त्यावर खालून घासते. मागचा भाग दोन इंच उचलायचाय आणि ब्लॉक (पाटा आणि एक्सलमधले ठोकळे) टाकावेत, शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी कडी) लांब करावं की पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवावा, असं विचारलंय. तिन्हींनी गाडी उचलली जाते. पण तिन्ही वेगवेगळ्या दुखण्यांवरचे इलाज आहेत आणि तुमचं दुखणं कुठलं ते प्रश्नात आलेलं नाही.

खालून घासतं म्हणजे नक्की काय घासतं? डिफरन्शियलचा गोळा (मागच्या एक्सलच्या मधला फुगीर भाग) घासत असेल तर पाटे, ब्लॉक, शॅकल यातल्या कशानेही एक सुतभर फरक पडणार नाही. तो गोळा एक्सलसोबत चाकांवर उभा आहे. वर जाते ती चेसिस आणि बॉडी. गोळ्याची उंची फक्त टायर ठरवतो. सायलेन्सर, मागचा बंपर किंवा खाली लटकवलेली स्टेपनी घासत असेल तर मात्र पुढचं वाचा.

आधी टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. गाडी सपाट काँक्रीटवर लावा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर, बॉडीच्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही बाजू, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीचा माल भरून. चार आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते.

रिकामी गाडीच बसलेली दिसली, पाट्यांची कमान जाऊन ते जवळपास सरळ झाले असतील, तर पाटे थकलेत. थकलेल्या पाट्यांखाली ब्लॉक घालून फक्त उंची परत येते, ताकद येत नाही. रिकामी उंची ठीक आहे पण माल भरल्यावर एक्सल थेट रबर स्टॉपरला टेकतोय, असं असेल तर एकतर पाटे कमी पडतायत किंवा माल जास्त होतोय.

इथे थोडा हिशेब करू, राग मानू नका. वीस किलो टोमॅटो आणि क्रेटचं स्वतःचं दीड-दोन किलो धरलं तर १७०० किलोत साधारण ७७ क्रेट बसतात. शंभर म्हणजे २२०० किलो. गाडी बसते हा पाट्यांचा दोष नाही, ते बिचारे बरोबर सांगतायत. पाटा वाढवून मागचा भाग ताठ दिसेल, पण बेअरिंग, एक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतील. ओव्हरलोड सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, हे वेगळंच.

काही विकत घेण्याआधी गाडीखाली जाऊन पाट्यांच्या थराकडे नीट बघा. तारेच्या ब्रशने घासा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडं होऊ द्या आणि वर खडू फिरवा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर केसासारखी काळी रेघ काढतं. सगळे पाटे मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि मेन पाट्याच्या डोळ्याजवळ (टोकाच्या गोल गुंडाळीजवळ) खास बघा, पाटा बहुतेक तिथेच जातो. दोन पाट्यांच्या मधून लालसर भुकटी सांडत असेल तर ते आपसात घासून झिजतायत. खालच्या पाट्याचं टोक टेकतं तिथे नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर तो पाटा बदलायचाच. आणि एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल तर तिथला तुटलेला पाटा आधी शोधा. दोन्ही बाजू नेहमी एकदमच करायच्या.

आता पार्ट. तुमच्यासारख्या मालवाहू गाडीला माझी पहिली पसंती पाटा वाढवण्याला किंवा सगळा संच नवा घेण्याला. पण कुठला पाटा, यात सगळं आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा म्हणजे तो एकटा जवळजवळ दुप्पट ताठ. ८ मिमीच्या सात पाट्यांत आठवा ८ मिमीचा घातला तर थर साधारण १४ टक्के ताठ होतो, १० मिमीचा घातला तर २८ टक्के. दुकानात 'जाडच टाका, टिकेल' असं सांगतील. त्या जाड पाट्याने रिकामी गाडी खड्ड्यावरून उड्या मारेल आणि कसारा घाटात पावसात मागचं चाक वळणावर रस्ता सोडेल. शेजारच्या पाट्यांइतकीच जाडी आणि रुंदी घ्या. लांबी अशी, की वरच्यापेक्षा थोडा आखूड आणि खालच्यापेक्षा थोडा लांब. फार आखूड पाटा मधोमध जोर देतो आणि वरच्या पाट्याला तिथेच मोडतो. नीट बसवलेला एक पाटा साधारण इंच-दीड इंच देतो. तुमच्या कामाला तेवढं पुरेल.

जुनाच पाटा ठोकून कमान वाढवून देणारेही आहेत, नाशिकच्या द्वारका-आडगाव पट्ट्यात हे काम करून मिळतं. थंड ठोकलेली कमान बहुधा काही महिन्यांत परत बसते. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा पुन्हा तेलात बुडवून मग टेंपर (बेताने तापवून चिवट) केला नाही तर तो साधं लोखंड होतो. भट्टीवाल्याने टेंपरबद्दल काही सांगितलं नाही तर तिथून निघा. नवा पाटा घेताना स्टीलचा ग्रेड विचारा. ईएन ४५ हा स्प्रिंगचाच ग्रेड आहे आणि दुकानदाराला तो माहीत असायला हवा.

ब्लॉक स्वस्त आणि झटपट. रिकाम्या गाडीची चाल त्याने बदलत नाही, हे खरं. पण आधी बघा, पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली. खाली असतील तर मध्ये घातलेला ब्लॉक गाडी उचलण्याऐवजी खाली बसवतो. वर असतील तरी ब्लॉकमुळे पाटा आणि एक्सल यांतलं अंतर वाढतं आणि दाबून ब्रेक मारला की पाट्याला इंग्रजी एससारखा पीळ पडतो. भरलेल्या गाडीत हे वाईट. अंबडला लेथवर हवा तसा ब्लॉक करून मिळतो, म्हणून तो करून घ्यावा असं नाही. एकावर एक दोन ब्लॉक कधीच नाही, लाकडाचा तर विषयच नको. आणि पुढच्या एक्सलला ब्लॉक नको म्हणजे नकोच.

शॅकलचं गणित लोकांना फसवतं. दोन इंच लांब शॅकलने मागचा भाग एकच इंच उचलतो, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. शिवाय एक्सल थोडा फिरतो आणि पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्या गिअरचं, तोंड वर होतं. मग साठ-सत्तरच्या स्पीडला प्रोपेलर शाफ्ट थरथरायला लागतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. त्यावर मधे पाचर घालून कोन जुळवता येतो, पण एका इंचासाठी एवढा उपद्व्याप मी करणार नाही. शॅकलचे बुश घासले असतील तर ते मात्र बदला.

एअर बॅगची चौकशीही करून बघा. ती चेसिस आणि एक्सलच्या मधे बसते, माल असताना हवा भरायची आणि रिकामी असताना उतरवायची. रोज एक फेरी भरून आणि एक रिकामी करणाऱ्याला याची चाल सगळ्यात चांगली. खर्च जास्त, आणि खडीच्या रस्त्यावर पाइप सांभाळावा लागतो. मंजूर वजन यानेही वाढत नाही.

काहीही बसवलं तरी पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे आणि योग्य लांबीचे घ्या. एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, त्याच्या आट्यांवर पुन्हा भरवसा ठेवू नये. सेंटर बोल्टही लांब लागेल आणि त्याचं डोकं एक्सलच्या खाचेत बरोबर बसलंय हे डोळ्यांनी बघून घ्या. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळा. जॅकवर आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि फाटतात. गाडी थोडी चालली की यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे, हे मेकॅनिककडून आधीच कबूल करून घ्या. नंतर 'काही लागत नाही' म्हणतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ब्रेकची. अनेक पिकपना चेसिसवर एक व्हॉल्व असतो, त्याचा दांडा एक्सलला जोडलेला. गाडी किती दबलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. मागचा भाग उचलला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी करतो. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर, तेही घाट उतरताना. खाली वाकून असा दांडा दिसला तर काम झाल्यावर त्याची सेटिंग सर्व्हिस सेंटरमधून करून घ्याच. दांडा स्वतः वाकवून जमवू नका. जॅकवर एक्सल पूर्ण लटकवून मागचा ब्रेक होज आणि हँडब्रेकची केबल ताणत नाही ना हेही बघा. तेव्हाच शॉकअप पूर्ण ताणला गेलेला दिसला तर लांब शॉकअप लागेल. हेडलाइटही पुन्हा सेट करा.

कागदाचंही बघा. आरसीतल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ चालू देत नाही, आणि परवानगीबाहेरच्या बदलाला कलम १८२ अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. कंपनीच्याच मापाचे नवे पाटे बदलणं ही दुरुस्ती झाली. ब्लॉक आणि लांब शॅकल त्यात बसत नाहीत आणि पाटा वाढवणंही वादाचंच, म्हणून पाटा घेण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या. फिटनेसच्या वेळी गाडी तपासली जाणारच आहे.

ते चार आकडे, पाट्यांची संख्या आणि एका पाट्याची जाडी-रुंदी इथे टाका. थराचा कडेने एक फोटोही, सेंटर बोल्ट स्पष्ट दिसेल असा. मग एक पाटा पुरेल की सगळा संचच बदलायचा ते सांगता येईल. तोवर ७५ क्रेटवर थांबा आणि स्टेपनी खाली लटकत असेल तर काढून वर हौद्यात बांधून बघा, कदाचित घासणं तेवढ्यानेच थांबेल.