‘बॉर्डरलाइन’ला मराठीत काय म्हणावं? धुरा, द्वंद्व आणि पोच

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून एका भाऊंनी विचारलं आहे. पुतणी एकवीस वर्षांची, यवतमाळला दाखवलं तर डॉक्टरांनी कागदावर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असं लिहून दिलं. घरचे म्हणतात बॉर्डरलाइनवरच आहे ना, मंग कायले एवढं टेन्शन घेता. तर याला मराठीत नेमका शब्द कोणता, आणि घरी, खास करून आजीला, हे सांगायचं कसं.

भाऊ, घरच्यांनी शब्दाचा अर्थ जसा आजवर ऐकला तसाच लावला, त्यात त्यांची चूक नाही. आपल्या खेड्यापाड्यात हा शब्द आला तो लॅबच्या रिपोर्टातून. उपाशीपोटी शुगर ११०-११५ निघाली की डॉक्टर म्हणतात बॉर्डरलाइनवर आहे, गोड कमी करा, रोज पायी चाला. माझ्या मायची तशीच निघाली होती आणि आम्ही सगळे सुटलो बाप्पा म्हणून घरी आलो. दहावीत पोट्टा पस्तीस मार्क घेऊन निघाला तरी बॉर्डरवर पास झाला म्हणतो आपण. म्हणजे आपल्या कानाला बॉर्डरलाइन म्हणजे ‘थोडक्यात वाचला’. या आजाराच्या नावात मात्र तो अर्थ अजिबात नाही, आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते.

नावाची गोष्ट अशी आहे. १९३८ साली न्यूयॉर्कच्या अडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकानं काही पेशंटबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. त्या काळी मनाच्या आजारांचे दोन मोठे वावर धरायचे, एका बाजूला न्यूरोसिस, म्हणजे चिंता, भीती, मन खात राहणं, पण माणसाला आजूबाजूचं भान असतं, आणि दुसऱ्या बाजूला सायकोसिस, जिथं ते भानच सुटतं, नसलेले आवाज ऐकू येतात. स्टर्नला असे लोक भेटत होते जे धड या वावरात बसत नव्हते ना त्या वावरात, आणि नेहमीच्या पद्धतीनं त्यांना बरंही वाटत नव्हतं. आता आपल्याकडं दोन शेतांच्या मधल्या बांधाला काय म्हणतात? धुरा. धुऱ्यावर उगवलेली बाभूळ कोणाची, यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिले आहेत. बॉर्डरलाइन म्हणजे ही धुऱ्यावरची बाभूळ. ती लहान आहे का मोठी, काटे किती, हे त्या शब्दात कुठंच नाही, फक्त कुठं उगवली तेवढं आहे.

पुढं १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या, मनाच्या आजारांची लक्षणं ठरवून देणाऱ्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे बाभळीच्या नावानं वेगळा सातबारा निघाला, नाव मात्र धुऱ्याचंच राहून गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या दहाव्या यादीत मुख्य नाव वेगळं ठेवलं होतं, त्याचा अर्थ ‘भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व’, मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. २०२२ पासून लागू असलेल्या अकराव्या यादीत तर पहिले आजार सौम्य, मध्यम का तीव्र हे ठरवतात आणि मग हवं तर त्यापुढं ‘बॉर्डरलाइन पॅटर्न’ जोडतात. घरच्यांना हे जरूर दाखवा, किती आहे याचा कॉलमच वेगळा आहे.

आता मराठी शब्द. पुस्तकात ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असं सापडेल (व्यक्तिमत्त्व लिहिताना दोन त, मत् आणि त्व असे येतात म्हणून, हे लोक हमखास चुकतात). पण या तिन्ही शब्दांवर माझा आक्षेप आहे. सीमावर्ती म्हटलं की बेळगाव-निपाणी डोळ्यापुढं येतं. पर्सनॅलिटी म्हणजे आपल्याकडं उंचीपुरी बॉडी, पोलीस भरतीला लागते ती. आणि विकार शब्दाला कीर्तनातल्या काम-क्रोधाचा वास आहे, त्यामुळं ‘व्यक्तिमत्त्व विकार’ ऐकणाऱ्याला वाटते की ही पोरगीच मुळात खराब निघाली. तसं काही नसते. रोजच्या बोलण्यात बॉर्डरलाइन हाच शब्द ठेवा, फक्त त्याचा अर्थ घरात एकदा नीट सांगून टाका.

होते काय ते सांगतो. डीएसएममध्ये नऊ लक्षणं दिली आहेत, त्यातली निदान पाच लागतात, आणि तीही एखाद्या भांडणापुरती नाही तर वर्षानुवर्षं दिसावी लागतात, म्हणून वाचून कोणी घरच्या घरी शिक्का मारू नये. सगळ्यात खोल असते ती सोडून जातील ही भीती. मैत्रिणीनं दोनदा फोन उचलला नाही तर आपल्याला वाटते कामात असंल, हिला वाटते संपलं सगळं. राग येतो तो आवरत नाही, नंतर स्वतःचीच इतकी लाज वाटते की तोंड दाखवावं वाटत नाही, मी नेमकी कोण हेच पक्कं वाटत नाही. आणि एक लक्षण आहे ते मराठीत आणताना घोळ होतो, त्याला ‘रिकामेपणा’ लिहितात, पण आपल्याकडं रिकामा म्हणजे कामधंदा नसलेला, मग घरचे म्हणतात रिकामी बसून रायते म्हणून होते, कामाला लावा. ते तसलं रिकामपण नाही हो, ते आतून भकास, सुनं सुनं लागणं आहे, भरल्या घरात, लग्नाच्या मांडवात पण.

बायपोलर हा वेगळा आजार, पण बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरला थोडक्यात बीपीडी म्हटलं की लोक दोन्ही एकच धरतात. बायपोलरमध्ये मन चढतं किंवा पडतं ते बरेच दिवस, कधी आठवडेच्या आठवडे तसंच राहते. बॉर्डरलाइनमध्ये ते काही तासांत पालटते आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी बोलण्या-वागण्यावरून. गावात याला सणकी म्हणतात, बाहेरचं लागलं म्हणतात, पुरुषाला असलं तर दारूचा आन् रागाचा दोष म्हणून सोडून देतात. पण ‘नाटकं करते’ हा शब्द सगळ्यात जास्त नुकसान करतो, तो घरातून काढूनच टाका अशी हात जोडून विनंती आहे. स्वतःला इजा करणं, मरायची भाषा करणं हे या आजारात येऊ शकते आणि दर वेळी खरंच धरायचं, दहाव्यांदा बोलली तरी.

उपचाराकडं येतो, इथं मला एक शब्द फार आवडतो. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी खास अशाच पेशंटसाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, उभी केली, १९९१ मध्ये तिचा पहिला मोठा अभ्यास छापून आला, आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच हालातून, हॉस्पिटलातून गेल्या होत्या. डीबीटीतल्या डीचं, म्हणजे डायलेक्टिकलचं, मराठी करतात ‘द्वंद्वात्मक’. आपण द्वंद्व म्हटलं की कुस्ती समजतो. पण शाळेतला द्वंद्व समास आठवा. आईबाप म्हणजे आई आणि बाप, हा इतरेतर द्वंद्व. बरेवाईट म्हणजे बरे किंवा वाईट, हा वैकल्पिक. बॉर्डरलाइनमध्ये मन सगळीकडं ‘किंवा’ लावते. काका देव किंवा काका दगड, मी चांगली किंवा मी कवडीमोल, आणि ते क्षणात उलटते. थेरपीत हळूहळू ‘आणि’ लावायला शिकवतात. काका माझ्यावर ओरडले आणि काकांचा माझ्यावर जीव आहे. मी आज जशी आहे तशी ठीक आहे आणि मला बदलायचं आहे. हे दुसरं वाक्य म्हणजेच त्या ‘द्वंद्वात्मक’चा गाभा, स्वीकार आणि बदल दोन्ही सोबत. बाकी त्यात दर आठवड्याला थेरपिस्टशी बोलणं असते, गटात बसून चार गोष्टी शिकणं असते, म्हणजे भानावर राहणं, कळ सोसणं, भावना आवरणं आणि नाती न तोडता आपलं म्हणणं मांडणं. साधारण वर्षभर चालते.

दुसरा शब्द व्हॅलिडेशन, म्हणजे समोरच्याला जे वाटते ते आपल्याला कळलं असं त्याला दाखवणं. आपल्याकडं व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, म्हणून ‘वैधता’ हे भाषांतर कामाचं नाही. मी ‘पोच’ म्हणतो. तहसीलात अर्ज दिला की पोच मिळते, अर्ज मंजूर झाला असा त्याचा अर्थ नसते, मिळाला एवढंच. पोरगी रडत आली तर ‘त्यात काय रडाचं, काऊन रडून रायली’ म्हणणं म्हणजे अर्ज खिडकीतूनच वापस करणं. ‘तुले लय लागलं ते, दिसून रायलं मले’ ही पोच झाली, तिचं सगळं म्हणणं मान्य केलं असं नाही. लिनेहान यांचं म्हणणंच असं आहे की जन्मतः जास्त संवेदनशील जीव आणि वर्षानुवर्षं पोच न देणारं भोवताल, हे दोन्ही एकत्र आले की हे घडते. लहानपणी मारझोड, अत्याचार झालेले यात बरेच असतात, पण सगळेच नाही, म्हणून लगेच आईबापाला आरोपी करू नका.

गोळ्यांचं विचारलं नाही तुम्ही, तरी सांगतो. खास बॉर्डरलाइनसाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नाही. झोप, उदासी, चिंता जास्त असली तर त्यापुरत्या गोळ्या देतात, आणि दिल्या असतील तर मनानं बंद करू नका. मुख्य उपचार बोलण्याचाच. डीबीटीचा पूर्ण सेट तालुक्याला मिळणार नाही हे मलाही माहीत आहे, पण नेमानं भेटणारा, आजार समजावून सांगणारा एकच मानसोपचारतज्ज्ञ असला तरी पुष्कळ फरक पडतो, जिल्हा रुग्णालयात विचारा, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-बेरात्री १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि लांब पल्ल्याच्या अभ्यासांत दहा वर्षांनी बहुतेक पेशंटची लक्षणं निदानाच्या रेषेखाली आलेली दिसली आहेत, हे तिला स्वतःला नक्की सांगा.

आता आजी. तिला ना सीमावर्ती सांगा ना द्वंद्व. चुलीवर हात भाजला, फोड गेला, वरची कातडी अजून धरायची आहे, तेव्हा नुसता पदर घासला तरी कळ मस्तकात जाते, त्याला आपण काय म्हणतो? हुळहुळं. आजीला म्हणा, पोरीचं मन हुळहुळं आहे, आपण नुसता हात लावला तरी तिला चटका वाटते, आणि कातडी धरेपर्यंत वेळ लागते. आजीनं आयुष्यभर चुलीपाशी हात भाजून घेतले आहेत, तिला कळेल.