लग्नात सकाळी माळलेला मोगऱ्याचा गजरा रिसेप्शनपर्यंत टिकेल का?

टिकतो, पण फुललेला घेऊ नका. त्याच सकाळी आलेल्या घट्ट, हिरवट-पांढऱ्या कळ्यांचा घ्या. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणजे रिसेप्शनला ऐन भरात. माळेपर्यंत केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. हेअरस्प्रे आधी, गजरा नंतर! माझ्या लग्नात पार्लरवालीने गजऱ्यावरच फवारला. सप्तपदीपर्यंत पाकळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. यू-पिन फुलात नाही, दोऱ्यात अडकवायची आणि अंबाड्याच्या मुळाशी खोचायची, नाहीतर वरमाला घालताना वाकलं की गजरा खांद्यावर. लग्न हिवाळ्यात असेल तर मोगरा महाग आणि बारीक मिळतो. तेव्हा सरळ अबोलीचा वळेसर घाला. वास नसतो, पण मोगऱ्यापेक्षा जास्त टिकतो. लाल-केशरी रंग हिरव्या शालूवर तर फारच खुलतो.