पात्रतेची ओळ कोणी वाचायची?

शंका-समाधान : उच्च शिक्षण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नवे अभ्यासक्रम, बदललेले प्रवेशनियम आणि त्यांची छाननी करणाऱ्या समित्या यांविषयी आहेत. पहिले पत्र विस्ताराने घेतो, कारण त्यातली अडचण एका महाविद्यालयापुरती नाही. बाकीच्यांना थोडक्यात उत्तरे देतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाने द्राक्ष व फळप्रक्रिया या विषयात बी.एस्सी. सुरू करण्याचा प्रस्ताव तयार केला. बागायतदारांशी, बेदाणा आणि वाइन उद्योगातील लोकांशी बोलून, दोन वर्षे खपून अभ्यासक्रम आखला. अभ्यास मंडळात त्याचे कौतुक झाले. पुढे छाननी समितीने मात्र तीन शेरे मारून प्रस्ताव परत पाठवला : ‘प्रवेशपात्रतेचे समर्थन नाही’, ‘पाचव्या सत्रातील कार्यप्रशिक्षणाची व्यवस्था अस्पष्ट’ आणि ‘प्रयोगशाळेच्या क्षमतेचा पुनर्विचार व्हावा’. अभ्यासक्रमाच्या आशयाबद्दल एक अक्षरही नाही. समितीचे काम अभ्यासक्रम पाहण्याचे आहे की त्रुटी काढण्याचे? आता आम्ही काय करावे?
— एक विभागप्रमुख, ता. निफाड (नाव छापू नये अशी विनंती)

उत्तर : आपला वैताग मी समजू शकतो, दोन वर्षांच्या कामावर दीड ओळीचा शेरा पडला की कोणालाही लागते. तरीही समितीने चुकीच्या जागी बोट ठेवले, असे मला वाटत नाही. अभ्यासक्रमाचा आशय पाहण्यासाठी अभ्यास मंडळ असते आणि ते आपल्या विषयातल्या जाणकारांचे असते. त्यानंतर प्रस्ताव विद्याशाखेकडे आणि विद्यापरिषदेकडे, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळाकडे जातो. तिथे बसलेल्यांत द्राक्षाचा अभ्यास असलेला एखादाच सापडेल, त्यामुळे त्यांनी आम्लता मोजण्याच्या पद्धतीवर चर्चा करणे अपेक्षितच नाही. हा अभ्यासक्रम कोण शिकवणार, कुठे शिकवणार, कोणाला त्यात येता येईल आणि कोणाला येता येणार नाही, हे त्यांनी विचारायचे असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यात प्रवेशाच्या अटी अध्यादेशाने, म्हणजे विद्यापीठाने स्वतः केलेल्या नियमाने ठरवल्या जातात. तो अध्यादेश व्यवस्थापन परिषद करते, परंतु त्याचा मसुदा विद्यापरिषदेकडून यावा लागतो. म्हणजे पात्रतेची ओळ हा कारकुनी तपशील नव्हे. विद्यापरिषदेपुढे येणाऱ्या कागदांत तिला स्वतंत्र वजन आहे.

आमचे प्रस्ताव नेमके याच ओळीवर घसरतात. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका समितीत होतो. टेबलावर स्पायरल केलेल्या सोळा-सतरा प्रतींची चळत, चहा निवून गेलेला, आणि समोर शहरातल्या एका महाविद्यालयाचा अन्नप्रक्रियेचा प्रस्ताव. अभ्यासक्रम शंभरेक पानांचा होता, पात्रतेला एकच ओळ होती : ‘बारावी विज्ञान, गणित अनिवार्य, किमान ५० टक्के.’ एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, की गणित कशासाठी? प्रस्ताव मांडणाऱ्या प्राध्यापकांनी फाइल चाळली, शेजारच्याकडे पाहिले, पुन्हा फाइल चाळली. उत्तर मिळाले ते दोन पानांनंतर, कारण तिथे चौथ्या परिच्छेदात एका भलत्याच संगणक अभ्यासक्रमाचे नाव तसेच राहून गेले होते. पात्रतेचे पान तिथून उचलले होते. सगळे हसले, प्राध्यापकही हसले. पण ती ओळ तशीच मंजूर झाली असती, तर नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून जीवशास्त्र घेऊन बारावी झालेली मुले, तसेच बारावी व्यवसाय शिक्षणात कृषी गटातून आलेली मुले या अभ्यासक्रमाच्या दारातूनच परत गेली असती, आणि का परत गेली हे महाविद्यालयालाही सांगता आले नसते.

आपल्या प्रस्तावात पात्रतेची अट काय आहे, हे आपण लिहिलेले नाही. ती जी असेल तिच्यासमोर एक-एक कारण लिहून पाहावे. रसायनशास्त्र हवे, कारण पहिल्याच सत्रात किण्वनाचे (आंबवण्याच्या क्रियेचे) रसायन आहे, हे कारण झाले. ‘दर्जा राखण्यासाठी’ हे कारण नव्हे. ज्या अटीचे कारण लिहिता येत नाही, ती काढून टाकावी आणि उणीव राहत असेल, तर पहिल्या सत्रात एक पूरक विषय ठेवावा. समितीला हेच हवे असते, आणि मुलांनाही.

प्रयोगशाळेचा शेरा निव्वळ अंकगणिताचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या रचनेत प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रभरात ३० तास. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक ६० तासांचे. आपली प्रवेशक्षमता ६० आणि एका वेळी २० विद्यार्थी बसत असतील, तर तीन तुकड्या, म्हणजे एका विषयामागे प्रयोगशाळेचे १८० तास. सत्र १५ आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला १२ तास. तिन्ही वर्षे सुरू झाल्यावर एका सत्रात असे चार विषय आले, तर ४८ तास झाले. प्रयोगशाळा आठवड्यातले सहा दिवस रोज सहा तास उघडी ठेवली, तरी ३६ तासच मिळतात. उरलेले १२ तास कुठून आणणार? कागदावर ते सकाळी सातला बसवता येतात. वर सांगितलेल्या बैठकीत असेच बसवले होते, तेव्हा त्याच बाईंनी दुसरा प्रश्न विचारला होता : पेठहून पहिली एसटी किती वाजता पोचते? सभागृहात कोणालाच माहीत नव्हते. वेळापत्रक हाही प्रवेशाचाच प्रश्न आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले. प्रवेश दिला आणि तास गाठता आला नाही, तर त्या प्रवेशाला काय अर्थ?

राहिला कार्यप्रशिक्षणाचा, म्हणजे उद्योगात प्रत्यक्ष काम करत शिकण्याचा मुद्दा. इथे समितीपेक्षा आपल्यालाच अधिक कळायला हवे होते, असे स्पष्ट म्हणतो, राग मानू नये. आपण हे प्रशिक्षण पाचव्या सत्रात, म्हणजे साधारण जुलै ते नोव्हेंबर या काळात ठेवले आहे. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षाची काढणी मुख्यतः जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत होते. वायनरीत गाळपाची आणि बेदाण्याच्या शेडवर वाळवणीची गडबड तेव्हाच असते. ऑक्टोबरात बागेत गोडी बहाराची छाटणी चालते. ती शिकण्यासारखी आहेच, पण फळप्रक्रियेच्या विद्यार्थ्याला त्या महिन्यांत शेडवर रिकाम्या जाळ्या आणि वायनरीत धुतलेल्या टाक्या पाहायला मिळतील. हे प्रशिक्षण सहाव्या सत्रात न्यावे. चार श्रेयांकांचे म्हणजे १२० तास होतात. ते हंगामात सलग तीन-चार आठवडे दिल्यास उद्योजकही मुले घ्यायला तयार होतील, कारण त्यांना तेव्हा माणसे हवीच असतात. त्यांच्याशी झालेल्या बोलण्याचे रूपांतर लेखी संमतिपत्रांत करून ती प्रस्तावाला जोडावीत. किती जागा, कोणत्या तारखा आणि देखरेख कोणाची, एवढे त्यात असले म्हणजे पुरे.

समितीचेही चुकले आहे, तेही सांगतो. ‘पुनर्विचार व्हावा’ हा शेरा म्हणजे डॉक्टरने ‘तब्येत सांभाळा’ लिहून चिठ्ठी फाडून देण्यासारखे आहे. कशाचा, का आणि किती, हे लिहायला आणखी दोन ओळी लागल्या असत्या. आपण लेखी विचारणा करून शेऱ्यांचा खुलासा मागावा. समितीत एकमत नसेल, तर तेही अशा विचारणेत पुढे येते. मुदतीकडे लक्ष असू द्यावे. नव्या अभ्यासक्रमासाठी महाविद्यालयाचा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर विद्यापीठाकडे जावा आणि शासनाची परवानगी १५ जूनपर्यंत मिळावी, असा कायद्याचा क्रम आहे. शिवाय अर्ज विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याशी, म्हणजे कुठे कोणते अभ्यासक्रम हवेत याच्या नियोजनाशी, सुसंगत असावा लागतो. घाईत जुनाच प्रस्ताव पुन्हा दाखल करण्यापेक्षा एक वर्ष थांबणे परवडते. बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझ्या मुलीने बारावीनंतर बी.बी.ए.साठी सीईटी दिली नाही. आता एका महाविद्यालयात सांगतात की तोच अभ्यासक्रम आमच्याकडे दुसऱ्या नावाने आहे आणि त्याला सीईटी लागत नाही. ही पदवी वैध असेल का? पुढे एम.बी.ए. करता येईल का?
— एक पालक, सातपूर

उत्तर : बी.बी.ए., बी.सी.ए. आणि बी.एम.एस. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांचे प्रवेश सीईटीमार्फत होऊ लागले. पहिल्याच वर्षी जागा रिकाम्या राहण्याची चिन्हे दिसल्यावर राज्याला जादा सीईटी घ्यावी लागली, आणि काही ठिकाणी महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य शाखेच्या पदवीत बसवला. नाव बदलणे आपोआप गैर ठरत नाही. त्या नव्या नावाच्या पदवीला विद्यापीठाची मान्यता असेल, तर ती वैध आहे. त्यामुळे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये आणि चालू वर्षाच्या मान्यतापत्राची प्रत पाहावी. गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव येणार, हेही विचारून घ्यावे. ‘तोच अभ्यासक्रम’ हे शब्द त्यावर छापलेले नसतात.

एम.बी.ए.ची काळजी करू नये. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या वर्गासाठी किमान ५० टक्के आणि राज्यातील मागास प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुण लागतात, आणि त्याची सीईटी तेव्हा द्यावीच लागेल. आपण न विचारलेली एक गोष्ट मात्र सांगतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून शंभर टक्के सवलत आहे. ती राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. सीईटी वाचवण्याच्या नादात ही सवलत हातची जात नाही ना, हे आधी पाहावे. नाव बदलण्याचे प्रस्ताव ज्या बैठकांत येतात, तिथेही हा प्रश्न विचारला जायला हवा. माझ्या अनुभवात तो क्वचितच विचारला जातो, कारण फी भरणारे पालक त्या टेबलावर नसतात.

प्रश्न : मी २०२४-२५ मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, तेव्हा चार वर्षांच्या पदवीची माहिती दिली होती. आता महाविद्यालय म्हणते की चौथे वर्ष आमच्याकडे सुरू होईलच असे नाही. प्रवेशानंतर असा बदल करता येतो का?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तीन वर्षांनंतर मिळणारी पदवी तुमच्या हक्काची आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही. प्रक्रिया सुरू झाल्यावर पात्रतेचे निकष मध्येच बदलू नयेत, हे तत्त्व न्यायालयांनीही वेळोवेळी मान्य केले आहे. चौथ्या वर्षाचे मात्र वेगळे आहे. ते प्रत्येक महाविद्यालयाला आपोआप मिळत नाही; त्यासाठी अध्यापक आणि सुविधा दाखवून मान्यता घ्यावी लागते. चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अपेक्षा आहे. साध्या ऑनर्सला ती अट नाही. संलग्न महाविद्यालयांत तुमचीच तुकडी पहिली असल्याने चौथ्या वर्षाचा प्रश्न २०२७-२८ मध्ये येईल. तुमचे श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात जमा होत आहेत ना, हे आजच तपासा, म्हणजे गरज पडल्यास नाशिकच्या दुसऱ्या महाविद्यालयात चौथे वर्ष करता येईल. आणि चौथे वर्ष नाहीच केले, तर पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची, केले तर एक वर्षाची. एकूण हिशेब पाच वर्षांचाच राहतो.

प्रश्न : मुलगी नियमित बी.ए. करते आहे. तिला सोबत मुक्त विद्यापीठाचाही एक पदवी अभ्यासक्रम करायचा आहे. चालेल का? आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने नियम बदलले की ते मुक्त विद्यापीठालाही लागू होतात का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : एक पदवी नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, अशा दोन पदव्या एकाच वेळी करण्याला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली आहे. दोन्हीकडच्या परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, एवढे प्रवेशाआधी पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. नाशिककरांची या बाबतीत नेहमी गल्लत होते, कारण आपल्या शहरात तीन विद्यापीठांचा कारभार एकत्र नांदतो. आपली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये पुणे विद्यापीठाला संलग्न असून त्यांना २०१६ चा कायदा लागू आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये आपापल्या स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झाले. तिघांच्या विद्यापरिषदा वेगळ्या, प्रवेशनियम वेगळे आणि तक्रारीचा पत्ताही वेगळा. नर्सिंग प्रवेशाच्या तक्रारी घेऊन पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रात जाऊन आलेले दोन वाचक याच महिन्यात भेटले. त्यांची एक-एक रजा वाया गेली. अर्जावर वरच्या बाजूला विद्यापीठाचे नाव छापलेले असते, घरातून निघण्यापूर्वी ते वाचून घ्यावे.