अल्जिरियाचे पियानोवादक मोरिस एल मेडियोनी यांच्या पियानोत अंदलुसी (मध्ययुगीन मुस्लिम स्पेनमधून उत्तर आफ्रिकेत आलेलं संगीत) काय आणि बाहेरचं काय, हे कसं ओळखायचं? वाजवून बघायचं तर सुरुवात कुठून?

दोन्ही हात वेगवेगळे ऐका. मेडियोनी 1928 मध्ये अल्जिरियातल्या ओरान शहरात जन्मले. नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकी सैन्य तिथे उतरलं आणि सैनिकांकडून त्यांनी बुगी-वुगी (ब्लूजमधली ठेकेदार अमेरिकी पियानो-शैली) आणि रुंबा (क्युबन नाचाची लय) उचलला. हे सगळं डाव्या हातात आहे. उजव्या हातात अल्जिरियाची अंदलुसी चाल. 1961 मध्ये देश सुटला, पुढे मार्सेयला स्थायिक झाले, तरी हातांची ही वाटणी टिकली.

सराव असा: डाव्या हाताने आठ मात्रा 3-3-2 अशा तोडा, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर आघात. ते न बघता जमेपर्यंत उजवा हात लावूच नका. मग उजव्या हाताने हिजाज या मकामाचे, म्हणजे अरबी स्वररचनेचे, पहिले चार स्वर. आपल्या कानाला हे भैरवातलं सा, कोमल रे, शुद्ध ग, म वाटेल आणि स्वरांतरं खरंच तीच आहेत. ऊद या अरबी तंतुवाद्याच्या तारेचा नाद लगेच विरतो, म्हणून वादक तोच स्वर भरभर छेडतो. पियानोवर ते काम दोन-तीन बोटं आलटून पालटून करा.

बिघडतं ते बहुधा नाद लांबवणाऱ्या पेडलमुळे. पाय दाबून ठेवला की कोमल रे आणि ग एकमेकांत मिसळतात, छेड ऐकूच येत नाही. पेडल सोडा, डावा हात हलका ठेवा.

पाव-स्वरांची (पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या मधल्या स्वरांची) चिंता नको. अल्जिरियाच्या अंदलुसी परंपरेत त्यांचं प्रमाण इजिप्त-सीरियाच्या मानाने फार कमी, म्हणूनच पियानो तिथे रुळला.