ॲरिस्टॉटलची ‘डेमोक्रातिया’: लोकशाही की झुंडशाही?

प्रश्न असा आहे: ॲरिस्टॉटल लोकशाहीला, ग्रीकमध्ये ‘डेमोक्रातिया’ला, बिघडलेल्या राज्यप्रकारांत बसवतो. मग मराठीत लिहिताना तिथे ‘झुंडशाही’ म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. झुंडशाहीला नेमका जुळणारा ग्रीक शब्द आहे ‘ओख्लोक्रातिया’. ‘ओख्लोस’ म्हणजे जमाव. राज्यप्रकाराचं नाव म्हणून तो ग्रीक इतिहासकार पॉलिबियस वापरतो, इ.स.पू. दुसऱ्या शतकात. ॲरिस्टॉटल वारला इ.स.पू. ३२२ मध्ये. शिवाय पॉलिबियसकडे ‘डेमोक्रातिया’ हे चांगल्या राज्याचं नाव आहे आणि ती नासली की ओख्लोक्रातिया होते. त्याचा शब्द ॲरिस्टॉटलच्या तोंडी घातला की दोन वेगळ्या मांडण्यांची सरमिसळ होते.

ॲरिस्टॉटल आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात दोन कसोट्या लावतो. सत्ता एकाकडे, थोड्यांकडे की पुष्कळांकडे? आणि ती सर्वांच्या हितासाठी वापरली जाते की सत्ताधाऱ्यांच्या? पुष्कळांची, सर्वांच्या हिताची सत्ता म्हणजे ‘पोलितेया’. पुष्कळांचीच, पण स्वतःपुरतं पाहणारी सत्ता म्हणजे ‘डेमोक्रातिया’. लगेच पुढच्या अध्यायात मात्र तो म्हणतो की संख्या ही योगायोगाची बाब, खरा भेद गरिबी-श्रीमंतीचा. श्रीमंत संख्येने जास्त असले आणि सत्ता त्यांच्या हाती असली, तरी ती ‘ओलिगार्खिया’च, म्हणजे श्रीमंतांची, स्वतःपुरतं पाहणारी सत्ता. म्हणून ‘बहुमताची सत्ता’ हा पर्यायही फसतो. आशय सांगायचा तर ‘गरिबांची, गरिबांच्याच हितासाठी चालणारी सत्ता’ असं सरळ लिहावं. ‘डेमोस’ या शब्दातच दोन अर्थ आहेत, सगळे नागरिक आणि सामान्य जन. टीकाकारांचा रोख दुसऱ्या अर्थावर असतो.

झुंडशाही म्हटलं की डोळ्यांपुढे दंगा येतो. ग्रीक विचारवंतांची टीका मात्र रीतसर भरलेल्या सभेवर आहे, आणि माझ्या मते ती म्हणूनच बोचते. ‘पॉलिटिक्स’च्या चौथ्या भागात लोकशाहीचे प्रकार सांगताना ॲरिस्टॉटल शेवटचा प्रकार असा देतो: सभेचा ठराव कायद्याच्या वर जातो आणि लोकांची मर्जी राखणारे पुढारी माजतात. इथे ‘प्सेफिस्मा’ला ‘ठराव’ आणि ‘नोमोस’ला ‘कायदा’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवायलाच हवेत. दोन्हींना ‘कायदा’ म्हटलं तर त्याचा मुद्दाच उरत नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या सभेने आर्गिनुसाईच्या लढाईतल्या आठ सेनापतींना वेगवेगळा न्याय न देता एकाच मतदानाने दोषी ठरवलं. हाती लागलेल्या सहांना देहदंड झाला. सॉक्रेटिसने त्या वेळी विरोध केला होता. ठराव झाला, मतं पडली, पण कायदा बाजूला राहिला. प्लेटोचीही ‘पॉलिटिकस’ या संवादात (हा ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’हून वेगळा) तक्रार आहे की कायदा पाळणारी आणि न पाळणारी, दोन्ही लोकशाह्यांना एकच नाव आहे. तेव्हा गरज पडेल तिथे ‘कायदा न जुमानणारी लोकशाही’ असं विशेषण जोडून लिहावं, नाव बदलू नये.

‘निवड’ हा शब्दही जपून वापरावा. ‘अथेन्समध्ये अधिकारी निवडले जात’ असं लिहिलं की मराठी वाचक मतपेटी समजतो. तिथल्या ५०० जणांच्या मंडळात दहा गणांतून प्रत्येकी ५० जण चिठ्ठ्या टाकून घेतले जात. दहा सेनापती मात्र मतदानाने ठरत. ॲरिस्टॉटलच्या लेखी चिठ्ठी ही लोकशाहीची खूण, तर निवडणूक ओलिगार्खियाची. म्हणून ‘चिठ्ठीने नेमले’ आणि ‘मतदानाने निवडले’ असा फरक प्रत्येक वेळी करावा.

‘डेमोक्रातिया’ला ‘लोकशाही’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला वरचा खुलासा जोडा. ‘पोलितेया’ला मात्र ‘प्रजासत्ताक’ म्हणू नका, कारण आपल्याकडे त्या शब्दात राजा नसणं अभिप्रेत असतं. हा ग्रीक शब्द तसाच ठेवलेला बरा, पण दर वेळी संदर्भ पाहून: ॲरिस्टॉटल तोच शब्द ‘राज्यघटना’ या सर्वसाधारण अर्थानेही वापरतो, आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चं मूळ ग्रीक नावही ‘पोलितेया’च आहे.